नकाशाखालचं विजापूर

माझे बाबा हल्ली व्याख्यानाला जात नाहीत. कुणी बोलवायला आलं की गुडघ्यांचं कारण सांगतात. एके काळी आमच्या सांगली भागात असं गाव शोधावं लागलं असतं, जिथं शिवजयंतीला बाबांचं व्याख्यान झालेलं नाही. शाळेत इतिहास शिकवायचे आणि फेब्रुवारी उजाडला की गळ्याला मफलर गुंडाळून, खिशात खडीसाखर टाकून गावोगाव हिंडायचे. अजूनही मंडळांची पोरं येतात, चहा पितात, आणि ‘सर, गुडघे बरे झाले की कळवा’ म्हणून निघून जातात. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. रोज पहाटे टेकडी चढून येतात. खरं कारण मला माहीत आहे, कारण ते घडलं तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते.

दोन हजार सोळाचा जानेवारी. आई जाऊन सहा महिने होत आले होते आणि बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे जर्मनीत नेकारसुल्मला आले होते. मी तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. नवरा रोज गेर्लिंगेनला जाऊन-येऊन नोकरी करणारा. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की बाबा घरात एकटे. संध्याकाळी मी परत यायचे तेव्हा ते खिडकीशी त्याच खुर्चीत बसलेले असायचे, ताटातली पोळी निम्मी तशीच. आयुष्यभर माणसांच्या गर्दीपुढे बोललेल्या माणसाला दिवसभरात एक शब्द बोलायला मिळत नव्हता. व्हिसाचे तीन महिने संपेपर्यंत हे बोलणंच विसरतात की काय, अशी मला धास्ती वाटायची.

त्यांना त्या खुर्चीतून उठवलं कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानानं. आम्हा सगळ्या मराठी घरांची कोथिंबीर, भेंडी आणि वांगी तिथूनच यायची. दुकानदार साठीचे, भरघोस मिशांचे, हिवाळ्यातही बाह्या सरसावलेले. दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांचाच एक हॉल होता, तुर्की लग्नांसाठी भाड्यानं देण्याचा. त्यांच्या दुकानातून मी कित्येक वर्षं भाजी घेत होते, पण ‘हालो’ आणि निघताना ‘च्युस’ यापुढे कधी बोलले नव्हते. आमच्या मंडळींत तुर्की लोकांबद्दल जे बोललं जायचं, ते जर्मन लोक बोलायचे त्याहून काही वेगळं नव्हतं. इतकी वर्षं राहून भाषा येत नाही, घोळक्यानं राहतात, यांच्यामुळे आपल्यालाही लोक तसंच बघतात. आपण म्हणजे ब्लू कार्डवाले, खास शिकलेले म्हणून या देशानं बोलावून आणलेले, असा एक ताठा असायचा. त्या तुर्कांच्या वडिलांनाही याच देशानं कारखान्यांसाठी बोलावून आणलं होतं, हे कुणाला आठवायचं नाही. मीही अशा गप्पांत मान डोलवायचे. इंजिनिअर झालं म्हणून माणूस शहाणा होतो असं कुठे आहे.

बाबा एकदा माझ्याबरोबर भाजीला आले आणि गल्ल्यामागच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. तिथं एक मोठा रंगीत नकाशा होता. तुर्कांच्या सगळ्या भाऊबंदांचा. इस्तंबूलपासून निघून अझरबैजान, तुर्कमेन, उझ्बेक, कझाक, किर्गीझ अशी रंगांची पट्टी पूर्वेला चीनच्या आतपर्यंत गेली होती, आणि वर सैबेरियात एक भलाथोरला निळा तुकडा एकटाच पसरला होता. बाबांनी चष्मा पुसला. अल्ताई पर्वतावर बोट ठेवून त्यांनी दुकानदारांकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, “स्टार्ट. हिअर.” दुकानदारांनी हातातली वांगी खाली ठेवली. हे कोण, म्हणून मला विचारलं. माझे वडील, इतिहासाचे शिक्षक, असं मी सांगितल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला आणि त्या दिवसापासून बाबांना ‘होजा’ म्हणायला लागले. त्यांच्यात गुरुजींना असंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच गेले. मग रोज जायला लागले. गल्ल्याशेजारी संत्र्याचं खोकं उलटं टाकून त्यावर त्यांची बैठक पडली. छोट्या पेल्यातला कोरा चहा, बाबांचं शाळामास्तरी इंग्रजी, दुकानदारांचं त्याहून मोडकं इंग्रजी, आणि मधे नकाशा. एवढ्यावर दोघांचं चालायचं. अडलं की संध्याकाळी माझ्याकडून सोडवून घ्यायचे. दुकानदारांनी नकाशावर लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. ज्या ज्या जातकुळीचा माणूस आयुष्यात प्रत्यक्ष भेटला, त्याच्या मुलुखावर एक टिकली. व्होल्गाकाठचा एक चुवाश ट्रक ड्रायव्हर. मोल्दोव्हातली एक गागाऊझ नर्स, जी तुर्की बोलायची आणि रविवारी चर्चला जायची. म्युनिकमध्ये हातानं शेवया ओढणारा एक उइघुर. सैबेरियातल्या त्या निळ्या तुकड्यावर, जिथं याकूत लोक घोडे आणि रेनडिअर पाळतात, तिथं मात्र टिकली नव्हती. त्या निळ्या तुकड्याचा माणूस भेटल्याशिवाय आपण मरणार नाही, असं ते बाबांना म्हणाले होते.

नकाशा खाली काबूलशी संपत होता. बाबांना ते चैन पडू देईना. विजापूरचा पहिला सुलतान स्वतःला इस्तंबूलच्या घराण्यातला म्हणवायचा, गोवळकोंड्याचे तुर्कमेन, दिल्लीच्या पहिल्या मुघल बादशहाची मातृभाषा तुर्की. आणि हे सगळं नकाशात नाही म्हणजे काय. एके दिवशी त्यांनी अंदाजानं अंतर मोजून, नकाशाच्या चौकटीखाली, थेट भिंतीवर पेन्सिलीनं एक ठिपका काढला आणि शेजारी देवनागरीत लिहिलं, विजापूर. दुकानदारांनी वाकून पाहिलं आणि त्यावर एक लाल टिकली लावून दिली. विजापूरचा माणूस भेटला, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी मला हे तीनदा सांगितलं. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत आमच्या मराठी मंडळाला शिवजयंतीसाठी जागा मिळेना, तेव्हा दुकानदारांनी आपण होऊन हॉल देऊ केला. होजा बोलणार आहेत ना, मग प्रश्नच नाही, म्हणाले. बाबांनी या वेळी नवं व्याख्यान करायचं ठरवलं. महाराज ज्यांच्याशी लढले ती माणसं कोण होती, अल्ताईच्या पायथ्यापासून निघून दख्खनपर्यंत कशी पोचली, वाटेत त्यांनी कुणाकडून काय घेतलं, कुठे कोण बौद्ध झालं, कोण ख्रिस्ती, कोण मुसलमान, आणि आज ती कुठे कुठे आहेत. ते रोज रात्री जेवताना मला थोडं थोडं ऐकवायचे. शेवटचं वाक्यही पक्कं झालं होतं: शत्रूचं मूळगाव ठाऊक नसेल तर आपल्या पराक्रमाची उंची कशी मोजणार. मला व्याख्यान जवळजवळ पाठ झालं होतं. खरं सांगते, मला बाबांचा अभिमान वाटत होता.

त्या शनिवारी हॉल भरला. कारखान्यातली आमची मंडळी, श्टुटगार्टकडची कुटुंबं, कागदी फेटे घातलेली पोरं, आणि आमच्यासारख्यांकडे पाहुणे आलेले आईवडील. दुकानदार इस्त्रीचा कोट घालून आले होते. चहा त्यांच्याकडूनच होता. बाबांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि मला शेजारी, भाषांतर करायला.

सुरुवात छान झाली. बाबा अल्ताईत होते, मी त्यांच्या मागोमाग जर्मनमध्ये हळू आवाजात सांगत होते, दुकानदार मान हलवत होते. पण मागे पोरांची पळापळ सुरू झाली. मोठी माणसं फोन बघू लागली. कुणीतरी समोशांचं झाकण उघडलं. मंडळाचे अध्यक्ष वाकून स्टेजपाशी गेले आणि बाबांना म्हणाले, “काका, जरा जोरकस होऊ द्या. पब्लिक बोअर होतंय.” मी ते ऐकलं. बाबांचा चेहरा पडलेला मी पाहिला. समोरच्या माणसानं जांभई दिली की व्याख्यात्याला काय होतं ते व्याख्यात्याच्या घरच्यांनाच कळतं.

बाबांनी मग जुनी ठेवणीतली ओळ काढली. भवानी तलवारीची. टाळ्या पडल्या. त्यांनी दुसरी काढली. शिट्ट्या आल्या. आणि मग त्यांचं तसंच झालं जसं सांगलीत दर वर्षी व्हायचं. आवाज चढला, हात वर गेला, आणि टाळी त्यांना ओढत घेऊन गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुर्क असे, तुर्क तसे, विश्वासघात रक्तातच, जिथं गेले तिथं राख. आणि मग, बहुधा नव्या व्याख्यानातलं काहीतरी वापरायचंच म्हणून, ते म्हणाले, “वाळवी कुठून आली, कुठवर पसरली, याचे नकाशे काढत बसायचं नसतं. वाळवी जाळायची असते.”

हॉल दणाणला. दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाले होजा?

मी त्यांना सांगितलं, की होजा सैबेरियातल्या याकूतांबद्दल सांगताहेत. इतकी थंडी, तरी ती माणसं घोडे घेऊन तिथं पोचली. लोकांना ते फार आवडलं.

तिथून पुढे मी थांबलेच नाही. बाबा स्टेजवरून एक व्याख्यान देत होते आणि मी खाली दुसरं, जेवणाच्या टेबलावरचं. टाळ्या भलत्याच ठिकाणी यायच्या. मी रेनडिअरच्या दुधापर्यंत आले होते आणि हॉल ‘जय भवानी’नं घुमला. दुकानदारांनीही टाळी वाजवली. माझ्या मागच्या रांगेतल्या बाईंना चांगलं जर्मन यायचं. त्यांना हसू आवरेना. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि तोंड मात्र सफाईनं चाललं होतं.

बाबा बसले. आणि दुकानदार उठले. त्यांनी अध्यक्षांकडून माइक मागून घेतला, आणि मला खुणेनं वर बोलावलं, होजांना कळायला हवं म्हणून. ते सावकाश, साध्या जर्मनमध्ये बोलले. म्हणाले, “या देशात मला लोक विचारतात, परत कधी जाणार. निघालो कुठून, हे कुणी विचारत नाही. आज एका शिक्षकानं ते मुलांना सांगितलं. आमची माणसं किती लांब चालली ते सांगितलं, आणि प्रेमानं सांगितलं. मी त्यांचा आभारी आहे.” मग ते बाबांपाशी गेले आणि त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

हॉलमधल्या बहुतेकांना जर्मन कळत होतं. सुरुवातीला एकदोघं फिसकन हसले, मग तेही थांबलं. कुणी कुणाकडे बघेना. अध्यक्ष माइकची वायर गुंडाळायला लागले. मी ते सगळं मराठीत सांगितलं, शब्दन् शब्द, कारण आता दुसरं काही सुचतच नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते. आपण यातलं काही बोललो नाही हे त्यांना माहीत होतं, आणि मग ते कुणी सांगितलं हेही कळायला वेळ लागला नाही. त्यांचा हात अजून दुकानदारांच्या हातातच होता.

घरी आल्यावर बाबांनी मफलर सोडून त्याची घडी घातली आणि मला विचारलं, “तू काय सांगितलंस त्यांना?”

“तुम्ही जेवताना मला सांगायचात ते.”

ते म्हणाले, “म्हणजे माझं व्याख्यान तू दिलंस. मी काय दिलं मग?” मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि तिथंच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पुन्हा तीच खिडकी आणि तीच खुर्ची. मी भाजीला गेले की दुकानदार विचारायचे, होजा कुठे आहेत, बरे आहेत ना. मी सर्दी झाली म्हणायचे. ते पिशवीत लिंबं आणि पुदिना टाकायचे, होजांना उकळून द्या म्हणायचे. पुदिना घरी आला की बाबा त्याच्याकडे बघायचे नाहीत. मी चिडले एकदा. म्हटलं, “बाबा, त्यांना काही कळलेलं नाही. तुम्ही गेलात तर सगळं पहिल्यासारखं होईल. एवढं एक माणूस मिळालंय तुम्हाला इथं.” खरंच मला तेवढंच हवं होतं, की त्यांनी त्या खोक्यावर जाऊन बसावं. इज्जतीचं नंतर बघता आलं असतं.

बाबा म्हणाले, “त्यांना कळलेलं नाही, म्हणूनच जाता येत नाही.”

परतीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी ते कोट घालून तयार झाले. म्हणाले, चल, आणि आज मी बोलेन तेच सांगायचं. मी वाटेत परोपरीनं समजावलं. त्या माणसाला दुखवून काय मिळणार, तुम्ही तर आठ दिवसांत विमानात बसाल, मला इथंच राहायचंय. पालथ्या घड्यावर पाणी. दुकानात एक म्हातारी जर्मन बाई लीकच्या जाड पाती निवडत होती, तेवढीच. दुकानदार बाबांना बघून इतके खूश झाले की आधी चहाच ओतायला लागले.

बाबा खोक्यावर बसले नाहीत. उभ्यानंच मला म्हणाले, “सांग त्यांना. मी त्या दिवशी तुर्कांना वाळवी म्हणालो. जाळायची असते म्हणालो. टाळ्यांसाठी म्हणालो.”

मी सांगितलं. जर्मनमध्ये वाळवीचा शब्द मला लगेच आठवला, याचीही लाज वाटली.

दुकानदारांनी पेले काठोकाठ भरले आणि चहादाणी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हो, मला माहीत आहे.”

कसं माहीत, मी विचारलं.

“मी लहान होतो तेव्हा वडिलांबरोबर जायचो. आउसलेंडरआम्टात, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, डॉक्टरकडे, घर बघायला. वडिलांना भाषा यायची नाही. ऑफिसातला माणूस त्यांना नाही नाही ते बोलायचा आणि मी तुर्कीत सांगायचो, साहेब म्हणतात पुढच्या आठवड्यात या. असं सांगताना माणसाच्या तोंडाकडे बघता येत नाही, मुली. मी वडिलांच्या बुटांकडे बघायचो. तू त्या दिवशी पूर्ण वेळ माझ्या बुटांकडे बघत होतीस.”

मी विचारलं, मग तुम्ही उठून आभार का मानलेत.

“तू जे सांगत होतीस ते चांगलं होतं,” ते म्हणाले. “इतकं चांगलं आमच्याबद्दल मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. कुणाचं होतं ते? तुझं?”

मी म्हटलं, माझं नाही, यांचंच. घरी तयार केलं होतं. तुमच्यासाठीच.

हे ऐकून ते बाबांकडे वळले आणि बराच वेळ बघत राहिले. रागानं नाही, पण हसलेही नाहीत. नंतर त्यांनी पायानं खोकं सरकवून नकाशासमोर आणलं, गल्ल्यामागून आपलं स्टूल काढून त्यावर स्वतः बसले, हात मांडीवर ठेवले, आणि मला म्हणाले, “होजांना सांग, मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय. मला वेळ आहे.”

मी बाबांना सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला, नकाशापाशी गेले, अल्ताईवर बोट ठेवलं. घसा खाकरला. व्याख्यानाचं पहिलं वाक्य मला पाठ होतं, तोंडात होतं माझ्या, पण मी ते म्हटलं नाही. बाबांचं बोट नकाशावरून हळूहळू खाली आलं, चौकट ओलांडून भिंतीवर उतरलं, पेन्सिलीच्या ठिपक्यापाशी थांबलं, आणि उभ्या आयुष्यात ज्या माणसाला मी कधी शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं, त्याच्या तोंडून एक शब्द फुटेना. लीकवाली बाई पैसे हातात धरून खोळंबली होती. दुकानदारांनी तिला थांबायची खूण केली. ते ऐकायला बसले होते. आणि भाषांतर करायला काहीच नव्हतं, तरी मी त्यांच्या बुटांकडेच बघत उभी होते.